बाईचं पोट म्हणजे फक्त गर्भपिशवी नव्हे

(माजिवडा परिसरातील बचत गट, महिला मंडळं आणि घरकामगार स्त्रियांच्या एकत्रित आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



आजच्या पत्रकावर माझा विषय 'जठराचा कर्करोग : पुढच्या टप्प्यातल्या वेगळ्या गुंतागुंती' असा छापला आहे. तो वाचून दोघीतिघींनी आल्याआल्या मला विचारलं, की ताई, हा तर डॉक्टरांच्या परिषदेतला विषय, बायकांच्या शिबिरात कशाला? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या आजारी बायकांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करते. औषध कोणतं द्यायचं हे मी सांगणार नाही. पण बाईचं दुखणं डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी ते किती घरांतून, किती तोंडांतून जातं आणि वाटेत त्याचं काय होतं, हे मी रोज पाहते. त्याबद्दल मी बोलणार आहे.

मला सांगायची गोष्ट एकच आहे. जठराचा कर्करोग वाढला की तो जठरात थांबत नाही. तो बीजकोशात जातो, बेंबीत दिसतो, मानेत गाठ होऊन येतो, पायाच्या शिरेत रक्त गोठवतो. आणि बाईच्या शरीरात तो जिथे जिथे दिसतो तिथे त्याला एक नाव आधीच तयार असतं. पाळीची कटकट, पिशवीचं दुखणं, उपासाचं पित्त, अंगात रक्त कमी, चाळिशीचा त्रास. ही नावं इतकी सवयीची आहेत, की घरची माणसं, शेजारणी, कधी डॉक्टर आणि पुष्कळदा ती बाई स्वतःसुद्धा तिथेच थांबते. पुढे कुणी पाहत नाही.

दोन घासांत भरणारं पोट

आधी थोडं शरीराबद्दल. आपल्याकडे 'पोटात दुखतंय' म्हटलं की पोट म्हणजे काय हे कुणी विचारत नाही, आणि 'पिशवी' म्हटलं की गर्भपिशवीच समजतात. जठर ही वेगळी पिशवी. बरगड्यांच्या खाली, मधोमध आणि थोडी डावीकडे. खाल्लेलं अन्न तिथे साठतं, घुसळलं जातं आणि मग आतड्यात उतरतं.

या जठराचा कर्करोग पुरुषांत बायकांपेक्षा साधारण दुप्पट आढळतो. भारतात त्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते मिझोराममध्ये. आपल्या भागात बायकांमध्ये स्तनाचा, गर्भाशयमुखाचा, तोंडाचा कर्करोग त्याहून पुष्कळ जास्त दिसतो. म्हणून जनजागृतीच्या पत्रकांत याचं नाव फारसं नसतं, आणि 'दारू-विडीवाल्या पुरुषांचा आजार' असा समज पक्का होतो. तंबाखूने धोका वाढतो हे खरं आहे. पण मग रोज सकाळी मिश्री लावणाऱ्या आपल्या बायका त्यातून कशा सुटतील? दुसरं मोठं कारण 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' नावाचा जंतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगकारक ठरवलं. तो लहानपणीच, दाटीवाटीच्या घरांतून आणि अस्वच्छ पाण्यातून पोटात शिरतो. ज्यांना होतो त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. तपासणीत सापडला तर दोनेक आठवड्यांच्या औषधांनी तो जातो. फार खारवलेलं खाणं हेही एक कारण आहे. पण एवढं ऐकून 'सुकट खाल्लीस म्हणून झालं' असं कुणा बाईला ऐकवू नका. आजारी बाईच्या पदरात दोष टाकायला लोक टपलेलेच असतात.

सुरुवातीची लक्षणं अगदी साधी असतात. जळजळ, करपट ढेकर, अन्नावरची वासना उडणं, थोडंसं खाल्लं तरी पोट भरणं. आता विचार करा, जी बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्यात उरलेलं खाते, ती दोन घास खाऊन उठली हे पाहणार कोण? नवरा दोन घास खाऊन उठला तर अख्खं घर विचारतं. बाई उठली तर 'तिला उपासाची सवय आहे'. गुरुवार, चतुर्थी, श्रावण यांत तिची भूक मेली आहे हे लपून जातं. वजन उतरलं तर 'बरी दिसतेस, बारीक झालीस'. मेडिकलच्या दुकानातून पाच-दहा रुपयांची पित्ताची गोळी आणली की जळजळ खरोखरच कमी होते, आणि आणखी सहा महिने जातात. दुखणं अंगावर काढणं असं आपण म्हणतो. बाईच्या बाबतीत आपल्याकडे तो गुण समजतात.

या आजाराचा एक प्रकार तर विशेष फसवा आहे. त्यात गाठ किंवा जखम वर दिसत नाही. रोग जठराच्या भिंतीच्या आतून पसरतो आणि सगळी भिंत चामड्यासारखी जाड, ताठ होते. दुर्बिणीतून वरवरचा तुकडा काढला तर कधीकधी तो साफही येतो. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हटलं तरी लक्षणं वाढतच असतील, तर पुन्हा जायचं आणि पुन्हा विचारायचं. हा प्रकार तरुण वयातही होतो आणि बायकांमध्येही चांगलाच आढळतो.

बीजकोशातली गाठ

आता मुख्य मुद्द्याकडे येते. जठरातल्या कर्करोगाच्या पेशी निसटून बीजकोशात, म्हणजे ज्याला आपण 'ओव्हरी' म्हणतो तिथे जाऊन रुजतात. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना. या गाठीला क्रुकेनबर्गची गाठ म्हणतात. फ्रीडरिश क्रुकेनबर्ग या जर्मन डॉक्टरने १८९६ साली तिचं वर्णन केलं, आणि ती बीजकोशाचीच गाठ आहे असं त्याला वाटलं. ती मुळात दुसरीकडून, बहुतेकदा जठरातून आलेली असते, हे काही वर्षांनी लक्षात आलं. म्हणजे ज्याचं नाव या गाठीला आहे त्यालाही पहिल्यांदा बाईच्या पोटात बाईचाच आजार दिसला.

ही गाठ होणाऱ्या बायका साधारण चाळिशी-पंचेचाळिशीच्या असतात, म्हणजे बहुतेकींची पाळी चालू असते. पोट फुगतं, ओटीपोटात जड वाटतं, पाळी मागेपुढे होते, अंगावरून जास्त जातं. क्वचित कधी या गाठीमुळे शरीरातली संप्रेरकं बिघडतात आणि हनुवटीवर केस येतात, आवाज घोगरा होतो. गरोदरपणातही हे होऊ शकतं, आणि तेव्हा तर ओळखणं आणखी कठीण. उलट्या होतात त्या डोहाळ्यांच्या खात्यावर जातात. पाचवा-सहावा महिना लागला तरी उलट्या थांबत नाहीत, वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय, तर 'कडक डोहाळे आहेत' म्हणून गप्प बसू नका.

याच माजिवड्यातली एक गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. आपल्यातलीच एक, बेचाळीस वर्षांची, सकाळी सातपासून हायवेपलीकडच्या टॉवरमध्ये पाच घरची कामं करणारी. दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या खात होती. मग पाळी बिघडली, ओटीपोट फुगलं. एका खाजगी नर्सिंग होममध्ये सोनोग्राफी झाली. दोन्ही बीजकोशांत गाठी. 'पिशवी आणि गाठी काढून टाकू, मुलं झालीच आहेत, आता तिचा काय उपयोग' असं तिच्या नवऱ्याला सांगण्यात आलं. सही नवऱ्याने केली. व्याजाने पैसे काढले. ऑपरेशन झालं, आणि काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं की या पेशी मूळच्या इथल्या नाहीत. मग दुर्बीण घालून जठर पाहिलं. रोग तिथे होता आणि पुढे गेलेला होता. सगळं समजल्यावर तिने मला एवढंच विचारलं, 'ताई, मग माझी पिशवी काढली ती कशासाठी?'

गाठ काढणं प्रत्येक वेळी चूकच असतं असं मी म्हणत नाही. काही रुग्णांमध्ये त्रास कमी करायला ती काढावी लागते आणि त्याने आराम पडतो. पण आधी मूळ कुठे आहे ते पाहून, बाईला समजावून, तिला विचारून. दोन वर्षं पित्त आहे, वजन दहा किलोने उतरलंय, दोन्हीकडे गाठी आहेत, एवढं एका कागदावर एकत्र आलं असतं तर आधी जठर पाहावं असं कुणाच्याही मनात आलं असतं. ते एकत्र आलं नाही, कारण पित्ताचं दुखणं एका दवाखान्यात होतं, पाळीचं दुसऱ्या, आणि अख्ख्या बाईकडे कुणी पाहतच नव्हतं.

हे एकट्या बाईचं नशीब म्हणून सोडून देता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्या बायकांना कर्करोग होता असं नव्हे. उलट, पुष्कळ जणींना नुसती कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला लावलं होतं. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. बाई पोट धरून आली की तिच्या पोटात गर्भपिशवीशिवाय काही असतं याची आठवण राहत नाही.

सहीचंही ऐका. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात स्पष्ट निकाल दिला. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची ही बाई तपासणीसाठी गेली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिची गर्भपिशवी आणि बीजकोश काढण्यात आले. न्यायालयाने सांगितलं, की तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे, आणि जिवावरचा प्रसंग नसेल तर सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने दुसऱ्या कुणी संमती देऊन चालत नाही. हा निकाल आपल्या प्रत्येक मंडळाच्या फायलीत असायला हवा. 'मिस्टरांना बोलवा, सही लागेल' असं म्हटलं तर विचारायचं, माझी का चालत नाही?

बेंबी, मान, पाय

शरीराच्या बाहेर दिसणारी काही लक्षणं सांगते. ही लक्षात ठेवायला सोपी आहेत.

पहिलं बेंबीचं. बेंबीत टणक, न सरकणारी गाठ येते, कधी तिथली त्वचा लाल होते, पाणी झरतं. पोटातला कर्करोग बेंबीपर्यंत पोचल्याची ती खूण असू शकते. वैद्यकाच्या पुस्तकांत बहुतेक खुणांना मोठमोठ्या पुरुष डॉक्टरांची नावं आहेत. या गाठीचं नाव मात्र आहे 'सिस्टर मेरी जोसेफची गाठ'. मूळ नाव ज्युलिया डेम्प्सी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी सेंट मेरीज हॉस्पिटलात ही नन परिचारिका होती, १८९२पासून १९३९ साली मृत्यू येईपर्यंत हॉस्पिटलची प्रमुख, आणि पंचवीस वर्षं डॉ. विल्यम मेयो यांची शस्त्रक्रियेतली मदतनीस. ऑपरेशनआधी रुग्णाचं पोट स्वच्छ करताना तिच्या ध्यानात आलं, की ज्यांच्या बेंबीत अशी गाठ लागते त्यांचा रोग आत पसरलेला निघतो. डॉ. मेयोंनी त्यावर १९२८ साली लिहिलं, आणि १९४९ साली हॅमिल्टन बेली या इंग्रज सर्जनने आपल्या पुस्तकात गाठीला तिचं नाव दिलं. तोवर तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. पोट पुसणाऱ्या बाईच्या हाताला जे कळलं ते ज्ञान होतं, हे मान्य व्हायला एवढा काळ लागला.

तुम्हीही एकमेकींना न्हाऊमाखू घालता, बाळंतिणीला शेकता, सासूला अंघोळ घालता. तुमच्या हातालाही कळतं. बेंबी सरकली म्हणून बसवून घ्यायला नेण्याआधी, किंवा हर्निया असेल म्हणून सोडून देण्याआधी, टणक गाठ आहे का ते बघा आणि दाखवा.

दुसरी खूण मानेची. डाव्या बाजूला, मान आणि खांदा यांच्या मधल्या खळग्यात लागणारी टणक गाठ. रुडॉल्फ फिर्खो याने १८४८ सालीच तिचा पोटातल्या कर्करोगाशी संबंध दाखवला. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की टीबी आठवतो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण सुईची तपासणी न करता अंदाजाने औषध सुरू करू नये.

तिसरी पायाची. एकाच पायाची पोटरी सुजते, गरम लागते, दुखते. कर्करोगात रक्त गोठायला लागतं आणि शिरेत गुठळी होते. पॅरिसचे डॉ. आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली व्याख्यानात हे सांगितलं होतं. पुढे तेच लक्षण त्यांना स्वतःला दिसलं, आपल्याला काय झालंय हे त्यांनी त्यावरून ओळखलं आणि १८६७ साली ते पोटाच्याच कर्करोगाने गेले. आपल्या बायकांचा पाय सुजला तर 'दिवसभर उभी असते' असं म्हणून शेजारीण तेल लावून चोळायला बसते. एकाच पायाला अशी सूज असेल तर चोळू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आणखी दोन गोष्टी, ज्या बायकांच्या बाबतीत हमखास चुकतात. एक, रक्त कमी असणं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यामुळे बाई पांढरीफटक पडली तरी कुणाला नवल वाटत नाही. पाळीत जास्त जात असेल, गोळ्या घे, संपलं. पण जठरातून रोज थोडं थोडं रक्त झिरपत असेल तर ते शौचातून जातं. शौच डांबरासारखं काळं, चिकट होतं. लोहाच्या गोळ्यांनीही ते काळं होतं, म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी ते कसं होतं हे विचारायला हवं. आणि पाळी गेलेल्या बाईच्या अंगात रक्त कमी झालं तर ते जातंय कुठे, हा प्रश्न डॉक्टरला विचारलाच पाहिजे. दोन, उलटी. जठराचं पुढचं तोंड गाठीने बंद झालं की सकाळची भाकरी संध्याकाळी न पचता तशीच उलटून पडते. हे पित्त नव्हे. आणि पोटात पाणी साठून पोट गर्भारणीसारखं वाढलं, तर नाक्यावरच्या दवाखान्यात पाणी कमी व्हायच्या गोळ्या घेत बसू नका. ते पाणी सुईने काढून तपासता येतं.

घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. दहा जणींना पित्त होतं तेव्हा दहाही जणींना पित्तच असतं असं बहुतेक वेळा होतं. पण चाळिशी उलटलेल्या बाईला नव्याने सुरू झालेलं पित्त महिनाभरात हटत नसेल, वजन उतरत असेल, घास गिळताना अडकत असेल, काळं शौच होत असेल, किंवा बीजकोशात गाठ सांगितली असेल आणि वर जेवणही जात नसेल, तर एक प्रश्न विचारायचा : 'डॉक्टर, दुर्बिणीतून जठर पाहायला हवं का?' हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

आणि माहेर विसरू नका. काही घराण्यांत हा आजार वारशाने येतो. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं याच आजाराने जात होती. त्या कुटुंबाने स्वतः पुढाकार घेऊन शास्त्रज्ञांना बरोबर घेतलं, आणि त्यातून १९९८ साली त्यामागचं जनुक सापडलं. आपल्याकडे बाईचा केसपेपर सासरच्या नावाने निघतो, आणि आई, मावशी, आजी कशाने गेली हे त्यावर येतच नाही. ते आपणहून सांगायचं.

बरं होणार नाही, तेव्हा

आता कठीण भाग. वर सांगितलेल्या बहुतेक खुणा दिसतात तेव्हा रोग पसरलेला असतो. मुळापासून बरं करणं बहुतेक वेळा शक्य नसतं. मग घरातले म्हणतात, आता काय करायचं, गावी नेऊन ठेवा. 'करण्यासारखं काही नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकते आणि ते खरं नाही. केमोने काही महिन्यांचं, कधी त्याहून जास्त आयुष्य मिळू शकतं. बंद झालेल्या तोंडात जाळीची नळी बसवून किंवा बायपास करून जेवण पुन्हा जाऊ शकतं. पोटातलं पाणी काढून श्वास मोकळा करता येतो. झिरपणारं रक्त दुर्बिणीतून किंवा विकिरणाने थांबवता येतं. उलटीवर औषधं आहेत. आणि दुखण्यावर मॉर्फिन आहे.

मॉर्फिनबद्दल दोन शब्द. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णालाही ते मिळणं दुरापास्त झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी वाट सोपी झाली. कर्करोगाच्या दुखण्यावर डॉक्टरने ठरवून दिलेल्या मात्रेत मॉर्फिन घेतल्याने बाई नशेबाज होत नाही आणि लवकर मरतही नाही. तरीही घरात ते पुरुषाला दिलं जातं तितक्या सहज बाईला दिलं जात नाही, असा माझा अनुभव आहे. 'तिला सहन होतं, बाळंतपणं सोसलीत तिने.' बाळंतपण सोसलं म्हणून कर्करोग सोसावा असं कुठे लिहिलंय? दुखतंय असं तिने सांगितलं की तेवढं पुरे. ती कण्हत नाही म्हणजे तिला दुखत नाही असं नव्हे.

परळच्या टाटा हॉस्पिटलात वेदना आणि इतर त्रास कमी करणारा वेगळा विभाग आहे. त्या हॉस्पिटलाची एक गोष्ट आपल्याला माहीत असावी. बालविवाहाविरुद्ध आणि बायकांच्या मताधिकारासाठी काम करणाऱ्या मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या आठवणीतून दोराबजी टाटांच्या मनात हे काम आलं, आणि १९४१ साली टाटा मेमोरिअल उभं राहिलं. वांद्र्याला 'शांती आवेदना' १९८६पासून आहे. उपचार थांबलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळ उपचार बसतात, पण त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं. इथे आपल्या बायका अडकतात. लग्नाला वीस वर्षं झाली तरी सुनेचं नाव कार्डावर चढवलेलं नसतं, किंवा माहेरच्या गावच्या कार्डावर असतं. आजार येण्याआधी हे काम करून ठेवा. या आठवड्यात करा.

आता हॉस्पिटलात जायचं कसं. माजिवड्याहून रिक्षाने किंवा बसने ठाणे स्टेशन, तिथून धीमी लोकल, परळला उतरून चालत. सांगायला सोपं. उलट्या होणाऱ्या बाईला सकाळच्या गर्दीत ते जमत नाही, आणि तिच्याबरोबर जायला कुणी नसतं. नवऱ्याच्या आजारात बायको नोकरी सोडून बरोबर येते. बायकोच्या आजारात बहुतेक वेळा बहीण येते, मुलगी शाळा बुडवून येते, नाहीतर ती एकटीच येते. पाच घरची कामं करणारीला एक खाडा म्हणजे एका घरचं काम जाण्याची भीती. म्हणून मी म्हणते, हा आजार एकटीने निभावायचा नाही.

तिला सांगायचं की नाही

सगळ्यांत जास्त भांडण मला यावरून करावं लागतं. रिपोर्ट नवऱ्याच्या, दिराच्या, मुलाच्या हातात असतो. 'तिला सांगू नका, धसका घेईल.' आणि तीच बाई मला एकटीला गाठून विचारते, 'ताई, खरं सांगा, किती दिवस आहेत?' तिला माहीत असतंच. न सांगून आपण तिची भीती कमी करत नाही. तिच्या हातातला वेळ तेवढा काढून घेतो.

ज्या बेचाळीस वर्षांच्या बाईबद्दल मी बोलले, तिला आम्ही सांगितलं. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कामांची यादी केली. मोठ्या मुलीची दहावी होती. ती होईपर्यंत केमो घ्यायची, मग बघू. गावी जायचं नाही, इथेच राहायचं. मुलीच्या नावे बँकेत खातं उघडलं. अंगावरचं थोडं सोनं कुणाला द्यायचं ते दोन शेजारणींसमक्ष लिहून ठेवलं. परीक्षा झाल्यावर केमो तिनेच थांबवली. घरच्यांना ते पटलं नाही, पण तिने ऐकलं नाही. पुढचे तीन महिने मॉर्फिनच्या गोळ्यांवर, बऱ्याच शांतपणे, ती तिच्या खोलीत होती. शेजारच्या चौघी पाळीपाळीने तिच्याजवळ थांबायच्या. पिशवी काढताना कुणी तिला विचारलं नव्हतं. शेवटच्या आठ महिन्यांत प्रत्येक गोष्ट तिला विचारून झाली.

कायदाही तिच्या बाजूने आहे. शेवटच्या टप्प्यात व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, असं आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. राजपत्रित अधिकारी किंवा नोटरीसमोर दोन साक्षीदारांसह असं इच्छापत्र करता येतं.

आपण काय करायचं

प्रत्येक मंडळाने तीन कामं करावीत अशी माझी विनंती आहे.

पहिलं, महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एक प्रश्न विचारायचा : या महिन्यात कुणाचं जेवण कमी झालंय? वजनकाटा ठेवायचा आणि वहीत वजन लिहायचं. वजन तीन महिन्यांत पाच किलोने उतरलं हे वहीत दिसलं, की कुणालाही नाकारता येत नाही.

दुसरं, प्रत्येक बाईचे सगळे कागद एका पिशवीत, तिच्या स्वतःच्या ताब्यात. पित्ताची चिठ्ठी, सोनोग्राफी, रक्ताचा रिपोर्ट, सगळं एकत्र. डॉक्टर बदलला तरी पिशवी तीच. ऑपरेशनचं सांगितलं तर सहीच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं, आणि काढलेली गाठ तपासायला पाठवली का हे विचारून रिपोर्ट मागायचा.

तिसरं, सोबतीची पाळी. चार जणींचा गट करायचा. एक हॉस्पिटलात जाईल, एक तिच्या कामाच्या घरी बदली जाईल, एक मुलांचं जेवण बघेल, एक रात्री थांबेल. हे आपल्याला नवीन नाही. बाळंतपणात आपण हेच करतो. त्याच हातांनी मरणाऱ्या बाईचंही करता येतं.

मघाशी चिठ्ठीवर एकीने विचारलंय, की तिच्या जावेला दोन्ही बीजकोशांत गाठी सांगितल्या आहेत, पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे, आणि तिला वर्षभर जेवण जात नाही. त्या ताईंनी चहाच्या सुट्टीत मला भेटावं. सोमवारला अजून चार दिवस आहेत.